गप्प बसायची रजा

स्टँडप्रमुख गुरवसाहेबांच्या टेबलासमोर आई नुसते हातवारे करत होती आणि बोलत होती मृदुला.

"सर, आईच्या घशात बारीकशी गाठ आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टरांनी दम दिलाय, आजपासून तोंड उघडायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही! महिनाभर रजा हवी."

आईला एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायची नोकरी लागून अजून पहिला पगारही झाला नव्हता. पुकारणारीचाच आवाज बंद, मग तिला ठेवणार कोण? मृदुलाला हीच धास्ती होती. पण वक्तृत्व स्पर्धेत भल्याभल्यांना गारद करणारी पोर ती, माघार घेते काय!

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मांडवकरबाई, म्हणजे असला घसा घेऊन तुम्ही काल दिवसभर पुकारत होतात?"

आईनं मान खाली घातली.

"अहो, काय हे! तुमच्या आधी नुसती खरखर ऐकू यायची. देवरूखची माणसं राजापूरच्या गाडीत बसायची आणि मग येऊन माझा जीव खायची. तुम्ही आलात अन् माझं डोकं शांत झालं. हा आवाज मला निवृत्तीपर्यंत पाहिजे. महिना कशाला, दोन घ्या! तोवर मी ओरडतो."

आईचे डोळे आनंदानं भरून आले. आभार मानायला तिनं तोंड उघडलं मात्र, साहेब, शिपाई, दारातले दोन कंडक्टर आणि मृदुला एकदम गरजले, "बोलायचं नाही!"