वहाणांची करकर

निजामाची अमदानी होती. उमरग्याजवळच्या एका गावात सुंदराबाईच्या झोपडीत ख्रिस्ती माणसं प्रार्थनेला जमली, की पाटलाचा माणूस दगडोबा काठी घेऊन यायचा. तिच्या नवऱ्याचा हात त्यानंच मोडला होता. पण गल्लीच्या तोंडाशी त्याच्या वहाणा करकरल्या, की सुंदराबाई गाणं थांबवून पोरांना मागच्या दारानं बाहेर काढायची.

एका रविवारी तो काठी न घेताच आला आणि पाद्रीबाबांच्या पायांवर पडून हमसून हमसून रडला. पाद्रीबाबांनी त्याला उठवून शौलाची गोष्ट सांगितली. ख्रिस्ताच्या माणसांना छळणारा शौलच पुढं त्याचा मोठा सेवक झाला होता.

दगडोबानं दारातल्या वहाणा उचलून सुंदराबाईच्या चुलीत घातल्या.

"ह्यांच्या आवाजानं तुमचा जीव उडायचा न्हवं? आता म्या जनमभर अनवाणी."

सगळ्यांचे डोळे भरून आले. पाद्रीबाबांनी तिच्याकडं बघितलं. "सुंदराबाई, माफ केलं न्हवं?"

सगळेच बघत होते. "व्हय," ती म्हणाली.

तेव्हापासून प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे. सुंदराबाई मात्र टक्क डोळ्यांनी दाराकडं बघत बसायची.



आता दगडोबा येताना ऐकूच यायचा नाही.