प्लास्टरवरची मुंगी

'स्वभाव' या रकान्यापाशी मोठ्या सिस्टरांचं पेन अडून बसलं होतं. फॉर्म प्लास्टरमामांचा होता. अकरा वर्षं हंगामी काढलेला माणूस आता कुठे कायम होणार होता, आणि शेरा वाईट गेला तर पुन्हा हंगामीच.

मामांचं काम चोख. हात असा हलका की मोडलेल्या हाडालाही कळू नये. पण प्रत्येक प्लास्टरवर ते कुठेतरी एक बारीकशी मुंगी काढत आणि म्हणत, "शोधा बघू." पोरांचं एक वेळ ठीक होतं. पन्नाशीचा हा मिशाळ गृहस्थ पहिलवानांनाही सोडत नसे.

आज एका निवृत्त हेडमास्तरांनी त्यांना फटकारलं. मनगट मोडलेलं, चेहरा पांढराफटक, आवाज मात्र शाबूत. "मी बहात्तर वर्षांचा आहे. हा पोरकटपणा माझ्याशी नको."

मामांनी निमूटपणे पेन खिशात टाकलं.

सिस्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागाच्या भरात त्यांनी रकान्यात लिहून टाकलं, पोरकट. लिहिल्यावर त्यांच्याच जिवाला लागलं. पण दुसरं लिहायचं तरी काय? 'बालिश' त्याहून वाईट. 'निरागस' लिहावं, तर साहेब त्या मिशा आठवून हसत सुटले असते.

तेवढ्यात हेडमास्तर परत आले. सिस्टरांना वाटलं, आता लेखी तक्रार.

हेडमास्तर थेट मामांपुढे जाऊन उभे राहिले. "बाहेर बाकावर सगळ्यांच्या प्लास्टरवर मुंगी आहे. माझी सापडत नाही. अर्धा तास शोधतोय."

"तुम्हीच नको म्हणालात, सर."

"नको म्हटलं की लगेच ऐकायचं?" हेडमास्तर खट्टू होऊन म्हणाले. चेहऱ्यावर रंग परतला होता.

मामांनी पेन काढलं. हेडमास्तरांनी हात पुढे केला आणि आपणहून भिंतीकडे तोंड करून डोळे गच्च मिटले.

इकडे सिस्टरांनी 'पोरकट'वर काट मारली, शेजारी ठसठशीत अक्षरात 'खेळकर' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"झालं का?" भिंतीकडून आवाज आला.

"झालं," सिस्टरच म्हणाल्या.

मुंगीचे अजून दोन पाय राहिले होते.