नलिनीची चाल

पडद्यावर वज्रगडाच्या तुटक्या दरवाजात निषाद तलवार घेऊन उभा होता आणि समोर सोफ्यावर त्याची आई, नलिनी, कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसती बसली होती.

"आई, चाल तुझी आहे. सावकाश विचार कर," तो पुन्हा म्हणाला.

खेळाच्या या दुसऱ्या भागातले सोबती पहिल्या भागाच्या खेळाडूंवरून घडवलेले असत. निषादचा आवाज, त्याचे डावपेच, त्याचं चिडवणं, सगळं तिथे साठलेलं होतं. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. या खेळात एकदा पडलेला सोबती मात्र परत येत नसे.

"सकाळपासून थांबलीयेस," तिचे पती सदानंद म्हणाले.

"मी चाल केली की राक्षसांची पाळी येते. त्यानं दार अडवलं तरच बाकीचे सोबती वाचतात, पण तो पडतो. मी खेळलेच नाही, तर तो असाच उभा राहील."

"मला पुढे पाठव ना, आई," पडद्यावरून निषाद म्हणाला. "कायम मला मागे ठेवतेस."

सदानंद तिच्याशेजारी बसले. दवाखान्यात निषादचं श्वासाचं यंत्र बंद करायच्या कागदावर त्यांनी एकट्यानंच सही केली होती. नलिनी तेव्हा खोलीबाहेर निघून गेली होती आणि नंतर त्याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते.

तिनं त्यांचा हात ओढून घेतला आणि आपल्या अंगठ्यावर ठेवला.

"या वेळी तुम्ही एकटे नको," ती म्हणाली, आणि दोघांनी मिळून बटण दाबलं.