दाराबाहेरचं स्टूल

सासूबाईंना विसरण्याचा आजार जडल्यापासून सुनेने बाथरूमचं दार कधी पूर्ण लावलंच नव्हतं. त्यांना बाहेर स्टुलावर बसवायचं, दार किलकिलं ठेवायचं आणि अंगावर दोन मग पाणी घेतलं की हाक मारायची, "आई, आहात ना?"

"आहे गं बाई, कुठे पळून चाललेय?" त्या म्हणायच्या. एकदा उत्तर आलं नाही, तेव्हा ती ओलेत्या अंगावर गाऊन चढवून थेट रस्त्यापर्यंत धावली होती.

आज सासूबाईंचा डे केअर सेंटरमधला पहिला दिवस होता. त्यांना सोडून ती घरी आली, बाथरूममध्ये शिरली आणि आतून कडी लावायला गेली. न वापरून घट्ट बसलेली कडी दोन्ही हातांनी रेटावी लागली. डोक्यावरून पाणी घेतलं, हाक गिळली आणि डोळे मिटले. तोच फोन वाजला.

"ताई, आजी काही केल्या बसायला तयार नाहीत," सेंटरमधल्या बाई म्हणाल्या. "चपला घालून दारातच उभ्या आहेत."

"का? काय म्हणतायत?"

 

"म्हणतायत, 'घरी एक पोरगी आहे, तिला एकटीने अंघोळ करायची फार भीती वाटते. मला बाहेर बसायला जायचंय.'"