रिकामी जागा

"मशीनची भीती वाटते का, मावशी?" हेड ऑफिसातून आलेल्या मॅडमनी टॅबवर बोट ठेवून विचारलं.

"भीती कसली? चांगलं आहे की," शालन म्हणाली. मसाल्याच्या पॅकिंग हॉलमधल्या साऱ्याजणी सकाळपासून हेच सांगत होत्या, तरी नवं मशीन रोज बंद पडत होतं. तुमचा विरोध नुसता समजून घ्यायचाय, असं मॅडम गोड बोलत होत्या. शालनला त्या गोडव्याचाच संशय येत होता. एवढ्या लांबून कोणी नुसतं समजून घ्यायला येतं होय?

"ही जागा कोणाची?" मॅडमनी शेजारचं स्टूल दाखवलं.

ती उज्ज्वलाची जागा होती. ती मागच्या पाळणाघरात लेकीला पाजायला गेली होती. पूर्वी बायका घोळक्यात बसायच्या आणि पाजायला गेलेलीच्या टोपलीत आपली पाकिटं टाकायच्या. नवं मशीन मात्र प्रत्येकीची पाकिटं वेगळी मोजत होतं. उज्ज्वला कमी पडलेली दिसली, की तिची नोकरी गेलीच.

"येईल आता," शालन म्हणाली.

तेवढ्यात पाळणाघरातून बाळाचं रडणं आलं. मॅडमनी दचकून ओढणी छातीवर ओढली, पण कुर्त्यावर पसरलेली दुधाची ओल शालनला दिसली होती.

"केवढं आहे?"

"पाच महिन्यांची. आईकडे ठेवलीय," मॅडमचा आवाज बारीक झाला.

शालनने टॅबकडे पाहिलं.

"ते आधी पालथं घाल, पोरी. मग सांगते, मशीन का बंद पडतं ते."