उलट्या पिळाची गाठ

होडीत ओढून घेतलेल्या सुरमईच्या जबड्यात जयवंतला दोन गऱ्या दिसल्या. एक त्याची. मग दुसरी कोणाची? तिला तुटलेल्या दोरीचा कोरा करकरीत तुकडा लोंबत होता आणि गाठीचा पीळ उलटा, डावखुऱ्या हाताचा होता. अशी गाठ अख्ख्या बंदरात एकटे बाबा मारायचे, आणि छातीच्या ऑपरेशननंतर त्यांचं समुद्रावर जाणं तर जयवंतनेच बंद केलं होतं.

घरी बाबा ओट्यावर शहाण्या मुलासारखे जाळं शिवत बसले होते. जयवंतने गरी त्यांच्यासमोर धरली.

"ही कोणाची, बाबा?"

बाबांनी गाठीवरून अंगठा फिरवला. सबब सांगायला तोंड उघडलं, पण डोळे आधीच चमकले होते.

"सुटली तेव्हा नुसती शेपटी दिसली रे," ते हळूच म्हणाले. "केवढी होती?"