नवरदेवाच्या गाडीची चावी

अकोल्याच्या मंगल कार्यालयासमोर नवरदेवाची सजवलेली गाडी ऐन पाठवणीच्या वेळी रुसून बसली होती. चावी इग्निशनमध्ये शिरतच नव्हती. नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि वऱ्हाडी हसत होते, “जोडे लपवून पोट नाही भरलं वाटते साळ्यायचं!” सगळ्यांत मोठा आवाज नवरीच्या बापाचा. “लवकर कर ना बाप्पा, पोरीले उशीर होऊन राहिला!” चावीवाल्या अश्विननं बारीक सळईनं खरवडलं, तर आतून सुकलेल्या फेविक्विकचा पांढरा तुकडा निघाला. साळ्यांची करामत पाहून त्यालाही हसू आलं. तेवढ्यात बाप स्वतः चहा घेऊन आला. कप धरलेल्या त्याच्या अंगठ्यावर तसाच पांढरा पापुद्रा चिकटला होता. अश्विननं सळई थांबवून त्या अंगठ्याकडे पाहिलं. बाप गाडीत वाकला, त्याच्या कानाशी पुटपुटला, “हळू कर, भाऊ. नवरदेवाची पयली बायको एसटीनं इकडंच येऊन राहिली, मूर्तिजापूरपर्यंत आली हाये.”